हळद लावलेली कोंबडी

मी चिकन नको म्हटलं की तुम्ही हसता ना, मग ऐका. लालबागला चाळीच्या गॅलरीत आईने एक कोंबडी पाळली होती. एकदा खुराड्याची कडी लावायला मी विसरलो आणि बोक्याने तिची पाठ फाडली. आई रोज जखम धुऊन हळद भरायची, मांडीवर घेऊन भात भरवायची. पंधरा दिवसांनी कोंबडी चालायला लागली.

त्याच आठवड्यात रविवारी गावाहून मामा आला. आई बाजारात गेली होती. मी त्याला चहा दिला आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर मामा मोरीत सुरी धूत होता.

"मामा, कोंबडी कुठाय?"

"कापलंय. हळद लावन ठेवलेली, म्हटलंय देवाक बळी देवची आसतली. देवाक गाऱ्हाणा पण घातलंय, सगळ्यांचा बरा कर म्हणान, तुमच्यासाठी."

आई आली. रिकामं खुराडं बघितलं, पातेलं बघितलं. खोबऱ्याचं वाटप वाटलं, रस्सा केला, मामाला पोटभर वाढलं.

मामा झोपल्यावर मला फक्त एवढंच म्हणाली, "तू घरातच होतास ना रे?"