ते पान पुसू नका

नाही, मनिष सर, 'दोन मिनिटांचं काम' म्हणू नका — दोन मिनिटांचं होतं तर नागपूरवरून यायले चार दिवस काहून लागले? बसा. ती खुर्ची नाही, तिचा पाय हलते, इकडं बसा. आज अर्जाची शेवटची तारीख आहे, पाच वाजले की साईट स्वतःच दार लावून घेते, तशी तुम्हीच बनवली ती — अन् आमच्या मच्छीमार महिला संस्थेत आज जिचं नाव चढलं नाही तिचा डोंगा वर्षभर धरणात उतरत नाही. माझी रुखमा आत्या तिकडं पुनर्वसनाच्या गावात फोन हातात धरून बसली आहे. सकाळपासून. जेवली बी नाही.

काय होऊन राहिलं म्हणता? फोनवर सांगितलं होतं ना, पुन्हा सांगते. आत्या अर्ज उघडते, गावांची यादी येते, त्यात 'खापरटोली' आहे, ती त्यावर बोट ठेवते, आधार नंबर टाकते, फोटो लावते, 'पाठवा' दाबते — अन् लाल पट्टी येते, 'अवैध गाव'. अवैध! अन् नुसती पट्टी नाही, भरलेलं सगळं पुसून जाते, फोटोसकट, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एका रकान्यात चूक निघाली तर बाकीचे रकाने राहू द्यावेत, एवढं बी तुमच्या साईटले समजत नाही? बरं, मी इथं ऑफिसात उघडते तर यादीत 'खापरटोली' नाहीच, 'नवीन खापरटोली' आहे, पुनर्वसनाचं सरकारी नाव. मंग मी आत्यावरच ओरडली — तू बघून काहून नाही भरत? तर ती म्हणते, "खुशबू, माय, गाव तर दिसून राहिलं इथी. मंग हे नाही काहून म्हणते?" काल आत्याच्या शेजारची चंदा स्वतःचा फोन घेऊन इथं आली तेव्हा कुठं मले कळलं. मी लॉगिन करून बसलेली, म्हणून मले ताजं पान दिसते. बायायले दिसते ते साठवून ठेवलेलं जुनं पान, तुमचं ते कॅशे. तुम्ही यादी बदलली, 'पाठवा' दाबल्यावर गाव ताडून पाहते ती तपासणी बदलली, अन् जुनं पान तसंच ठेवून निघून गेले. दारावर नाव लिहून ठेवायचं अन् आत आलं की ओळखत नाही म्हणायचं —

अरे बाप्पा! — काही नाही, दार आपटलं वाऱ्यानं. मी अशीच दचकते, तुम्ही लक्ष नका देऊ. काय? साफ करून टाकतो? थांबा! हात काढा, माऊसवरून हात काढा आधी! मी साफ करा म्हटलं का? एकदा तरी म्हटलं? आल्यापासून तुम्ही तेच धरून बसले, कॅशे साफ, कॅशे साफ. जुनं पान चुकलं नाही, सर. तुमची तपासणी चुकली. बायायच्या आधारवर काय आहे? खापरटोली. राशनकार्डावर? खापरटोली. 'नवीन' लावलेला एकही कागद कोणाकडं नाही. आज 'नवीन' निवडून पाठवलं तर उद्या छाननीत आमचे सचिव, गोपीचंदजी, कागद जुळत नाही म्हणून अर्ज बाजूले टाकतील. नवीन यादी त्यायनंच देल्ली? हाव जी, माहीत आहे मले. तुम्ही मंग कोणाले विचारलं? मले? त्या बायायले?

ते गाव आता आहे कुठी, म्हणता? पाण्याखाली आहे. आत्या जाळं टाकायले जाते तर तिचा डोंगा तिच्याच अंगणावरून जाते, ती बोटानं दाखवते, इथी आपला गोठा, इथी शाळा — अन् तुमचं मशीन तिले अवैध म्हणते! तुम्हाले काय सांगू, मी नागपूरले कॉलेजात होती तर कोणी गाव विचारलं की पवनी सांगायची. खरं सांगितलं की समोरचा तोंड पाडायचा, बिचारी म्हणायचा. काल चंदाच्या फोनवर ते नाव पाहिलं ना — नुसतं, पुढं 'नवीन' नाही, मागं 'धरणबाधित' नाही — तर पाणी आणते म्हणून मी मागच्या खोलीत गेली अन्... जाऊ द्या. हे तुम्हाले कायले सांगून राहिली मी? तपासणी उघडा.

लिहा, 'खापरटोली'. दोन्ही ठेवा, 'नवीन'शी माझं भांडण नाही. झालं? थांबा — हे जतन केलं की कॅशे आपोआप साफ होते का? खरं सांगा. होते ना! मंग आधी यादीत टाका, नाहीतर जुनं पान जाईल अन् त्यासोबत नाव बी. वर. 'नवीन'च्या वर. हां. आता करा जतन.

हॅलो, आत्या? हाव, आता. ते बंद कर अन् पुन्हा उघड. दिसून राहिलं? तेच, तेच आपलं. फोटो लाव... घाई नको करू, वेळ आहे. दाब.

सर, बोलू नका. चाक फिरून राहिलं म्हणते.

...

हिरवी? पुन्हा सांग, आत्या. हिरवी पट्टी?

जेव. आधी जेव, मंग बाकीच्यायले सांग.

काय पाहून राहिले, सर? भरलेलं पुसून जाते ते घरी जाऊन दुरुस्त करा, अन् करा नक्की. तुमचा चार्जर घ्या. चहाचं विचारलं नाही, राग नका मानू — मले आता चंदाले फोन लावायचा आहे. निघा तुम्ही. दार हळू लावा.