लाल ठिपक्याच्या पुंगळ्या

मोजा, मोजा पुंगळ्या — पन एक कमीच भरन, उर्वशीताई, आताच सांगते. बसा त खरं, एवढ्या उन्हात इथं लोहाऱ्यापर्यंत आल्या. ह्यांनीच बलावलं ना? मले नाही सांगतलं — मले कायले सांगतीन? तुमाले क्लबात रायफल शिकवतात ते, अन् मी घरी बसून पुंगळ्या तापवते. गोळी उडाली का ही पितळेची पुंगळी मांगं राह्यते — पुन्हा भरा, पुन्हा उडवा, मंग तिची मान कडक होते अन् एक दिवस तडकते. म्हनून नुसती मान ग्यासच्या टॉर्चवर धराची, रंग पालटला का पान्यात टाकाची — मऊ होते, अजून लय चालते. बूड बोटात धराचं, चटका लागला का समजाचं, पुरे. हे पहा, माही बोटं. अन् तुमची? लाल पॉलिश — छान हाय, वा.

तोच लाल ठिपका पुंगळ्यायच्या बुडावर. काल डबा आनला अन् मने, क्लबच्या हायेत. क्लब कधीपासून नखं रंगवते हो? दुसऱ्याच्या पुंगळ्या हे घरात आनू देत नाहीत — क्लबातल्या शंकरसिंगनं हात जोडले तरी नाही — अन् तुमच्या आनल्या, वरून मने, 'हळू कर, खराब नको करू.' माह्यासंग कधी एवढ्या हळू आवाजात बोलले नाहीत! जळली मी. खरं सांगते, लय जळली. एक पुंगळी पकडीत धरली अन् बुडापर्यंत लाल केली. बूड मऊ पडलं का रायफलीत फाटते, तोंडावर येते — हे मले ठाऊक नाही काय? टाकलीही डब्यात. मंग तशीच उठली, डबा उलटा केला, रंगावरून शोधली, फरशीवर ठेवली अन् हातोड्यानं चपटी केली. बाकीच्या चांगल्या हायेत, मायची आन. अशा काहून पाहून राह्यल्या? केलं नाही ना मी!

थांबा — गाडी वाजली. हेच हायेत. रोज फाटकातूनच ओरडतात, 'रंजिता, पानी आन!' आज चूप काहून? सरका जरा, खिडकीतून पाहू द्या... तुमची स्कुटी दिसली वाटते. पहा — पहा ना — गाडीच्या आरशात पाहून भांग पाडून राह्यले.

उठा. मांगच्या दारानं जा.