चांगला भाग, वाईट भाग

नाशिकच्या स्टँडवर यशोदाबाई सटाण्याच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर एक बाप-लेक येऊन टेकले.

“प्रबंध सरांनी माघारी का दिला, तेजल?”

“गणितात एक सिंग्युलर इंटिग्रल असतं, अप्पा. ते फंक्शनवर चालवण्याआधी फंक्शनचे दोन भाग करतात. चांगला आणि वाईट.”

“कांदा निवडतो तसं.”

“तसंच. फंक्शन ज्यावर पसरलंय तो सगळा पट्टा अर्धा करायचा, मग पुन्हा अर्धा. एखाद्या तुकड्याची सरासरी फार चढली, की तिथंच थांबायचं. वाईट भाग त्या तुकड्यात असतो.”

यशोदाबाईंनी मान डोलावली. कांदा सोडून त्यांना काही कळलं नव्हतं.

“मग चुकलं कुठं?”

“मी वाईट भाग सोडूनच दिला.”

“सडका कांदा फेकतातच की.”

“इथं नाही फेकायचा. दोन्ही मिळूनच मूळचं फंक्शन होतं.”

“मग त्या वाईटाचं करायचं काय?”

“त्याची प्रत्येक तुकड्यात बेरीज शून्य येते. त्यामुळे लांब गेलं की त्याचा त्रास फारसा जाणवत नाही. जवळ मात्र जाणवतो.”

“सरांनी कधी दिला माघारी?”

“दिवाळीच्या आधी.”

“अन् रोज फोनवर सांगायचीस, सगळं चांगलं हाय.”

“अप्पा, गाडी लागली.”

“जाऊ दे ती. सटाणा लय लांब पडतं, तिथं काही जाणवत न्हाई. आधी वाईट काय ते इथं बसून सांग.”

यशोदाबाईंचीही गाडी तीच होती. त्यांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.