करवतीखालचं पीठ

— नाही, बसा बसा, पण त्या खिडकीसमोर नको, जरा अलीकडे. उजेड अडतो. उत्तरेची खिडकी आहे ती, मुद्दाम एवढी मोठी. मुकादमाच्या खोलीलासुद्धा एवढी काच नाही. हां, त्या ओंडक्यावर बसा. खरं म्हणजे या खोपटात न विचारता कुणी येत नाही. मुकादमही दारात उभा राहून खाकरतो. तुम्ही कंपनीचे साहेब, व्हँकुव्हरहून बोटीनं आलात, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल — असू द्या. कॉफी घ्या. साखरेचा खडा दातात धरा आणि वरून प्या, आम्ही फिनलंडची माणसं तशीच पितो.

तर तो अपघाताचा कागद. पुन्हा वाचा बघू, सावकाश. सही येते मला, गावच्या पाद्रीबाबांनी शिकवली, पण तुमचं इंग्रजी वाचता येत नाही. काय म्हणालात — 'करवतीची धार उत्तम होती'? थांबा, तेवढंच परत वाचा. उत्तम होती. अहो, होतीच! एकतीस वर्षं या बेटावरच्या लाकूडतोडीच्या छावण्यांमध्ये करवतींचे दात घासतोय मी. झाडं पाडणारे माझी करवत घेऊन जातात तेव्हा लाकडातून भुसा पडत नाही, साहेब, शेवया पडतात. अशा — टीचभर लांब, ओल्या, पिवळ्या. भोथरी करवत पीठ पाडते. शेवया पाडणारी करवत गाते, पीठ पाडणारी खोकते. माझी एकही करवत कधी खोकली नाही. ते लिहा तुमच्या कागदावर.

लिहिताय काय, आधी पेन्सिल तासा. बघा — हाच तो शब्द. इंग्रजीतला पहिला शब्द मी शिकलो तो हा: शार्पन. पेन्सिलीलाही तोच, करवतीलाही तोच, आणि मुकादमाला माणसं ढिली वाटली की ओरडतो, त्यांना जरा शार्पन करा म्हणून, तिथंही तोच. आमच्याकडे कानशीनं घासण्याला एक शब्द, दगडावर घासण्याला दुसरा. पहिल्यांदा मला वाटलं, काय गरीब भाषा आहे यांची! मग वाटलं, नाही, खरं आहे. कशालाही धार आणायची तर त्यातलं थोडं कमीच करावं लागतं. वरून लावायला धार काही मिळत नाही. दर वेळी थोडं लोखंड जातंच. करवतीला ते परवडतं. माणसाला — असो. पुढं वाचा.

'झाड चिरलं ते दोन्ही कामगारांच्या निष्काळजीपणामुळे.' हं.

दोन्ही म्हणजे आर्वो आणि क्यॉस्ती. आर्वोला काय, मंगळवारीच पुरलं. आता निष्काळजी म्हणा नाहीतर राजा म्हणा. पण क्यॉस्ती आहे ना जिवंत. या कागदावर माझी सही पडली की त्याचं नाव तुमच्या यादीत जाणार, आणि या किनाऱ्यावरची एकही छावणी त्याला दारात उभं करणार नाही. बरोबर ना? मान हलवू नका, तोंडानं सांगा. मला — खिडकीकडे पाठ आहे तुमची, चेहरा नीट दिसत नाही.

झाड कसं चिरतं माहीत आहे तुम्हाला? सांगतो. झाड पुढं झुकलेलं असतं. पुढून खाच घ्यायची, मग मागून करवत लावायची आणि ओढायची, चट चट चट, झाडाला विचार करायला वेळ द्यायचा नाही. करवत रेंगाळली की वजन पुढं ओढतं, खोड उभंच्या उभं फाटतं, आणि मागचा अर्धा तुकडा वर उडून माणसाच्या छातीत येतो. आर्वोच्या आला. अठ्ठावीस वर्षं झाडं पाडत होता तो. निष्काळजी! शनिवारी सौनात, आमच्या वाफेच्या खोलीत, बसायच्या आधी पायातले बूटसुद्धा जोडीनं ओळीत ठेवायचा.

ही त्यांची करवत. तिसऱ्या खिळ्यावरची, मुठीवर दोन खाचा आहेत बघा. खाचा मी बोटानं ओळखतो. दातही बोटानंच. डोळ्यांचं काय एवढं — ते काय लिहिलंत तुम्ही आत्ता? ते लिहू नका. बोटं डोळ्यांपेक्षा खरी असतात. कुणालाही विचारा. आर्वोला विचा—

रविवारी मी गेलो होतो त्या बुंध्यापाशी. दोन मैल. क्यॉस्तीनं हात धरला होता. वाट निसरडी असते म्हणून. शेवाळ आहे ना सगळीकडे. तिथं गुडघ्यावर बसलो आणि बुंध्याखालचा भुसा मुठीत घेतला. क्यॉस्ती म्हणाला, "इसाकबाबा, उठा, पावसानं भिजलाय तो, काही कळायचं नाही त्यातून." पोरगा चाळीशीचा झाला तरी खोटं बोलता येत नाही त्याला. खिशातली तंबाखूची डबी रिकामी केली मी, आणि मूठभर तिच्यात भरून आणलं. ती पाहा, शेल्फवर. उघडा. घ्या चिमटीत. वाळलंय आता.

काय आहे? शेवया आहेत?

पीठ आहे, साहेब. भाकरी थापता येईल असं पीठ.

दोन वर्षं माझी करवत आर्वोनं घेतली, कधी तक्रार नाही. इतर जोड्या कधी कधी कुरकुरायच्या. त्यांना मी सांगायचो, आर्वो बघा, त्याच्या करवतीखाली शेवया पडतात, तुम्हालाच ओढता येत नाही. फार बोललो असं. आणि गेल्या महिन्यात सीडरच्या ओंडक्याआड सापडला मला — करवत मांडीवर, हातात कानस. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी माझ्या दातांवरून स्वतःची कानस फिरवत होता तो. दोन वर्षं! आवाजावरून कळलं मला. आता, हा छावणीचा कायदा आहे: धार लावणाऱ्याच्या करवतीला दुसऱ्यानं कानस लावायची नाही. म्हणजे तोंडावर थुंकणंच ते. मी ओरडलो. आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो. कानस हिसकावून घेतली. तो काय म्हणाला? "चुकलं, बाबा," म्हणाला. त्यानं सगळ्यांसमोर एकदा म्हणायचं ना, की म्हाताऱ्या, तुला दिसत नाही! म्हणाला नाही तो. त्या दिवसापासून करवत मी दिली तशीच नेत होता. मान द्यायचा मला. तीन आठवडे मान दिला, आणि मग ते झाड आलं.

नाही. तुमच्या कागदावर सही करणार नाही. काय धमकी देता मला, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला? बोटीत बसवून पाठवाल, एवढंच ना? पाठवा! कागद उलटा करा. मागची बाजू कोरी आहे ना? लिहा, मी सांगतो तसं. इसाकनं करवत भोथरी दिली. इसाकला दोन वर्षं दिसत नाही, आणि त्यानं ते लपवलं. आर्वोनं आणि क्यॉस्तीनं खाच बरोबर घेतली होती, मी हात घालून मोजली आहे. लिहिलंत? मुकादमाला विचारायची गरज नाही. वाचा. परत वाचा. 'भोथरी' हा शब्द परत वाचा. हां. बोट कुठं ठेवू, दाखवा, सही सरळ येत नाही हल्ली. झाली.

डबी घेऊन जा. साहेबलोकांच्या टेबलावर ओता.

करवत राहू द्या. आणि ती कानस — खिळ्याला अडकवलीय ती, आर्वोची — तिला हात लावायचा नाही. ती क्यॉस्तीची आहे आता. संध्याकाळी येईल तो.

उठा. जाताना दार लावू नका. उघडंच राहू दे. त्याला विचारून यायला लागू नये.