साडेतीनची जाग

(रविवारची दुपार. तिघं शेंगा फोडत बसलीत.)

शिवांजली : सांगा की पप्पा, लपवायचं नाही हां! पहाटे साडेतीनला तुम्ही खरंच झोपलेले असता, का नुसते डोळे मिटून पडता?

पप्पा : ह्यो काय प्रश्न हाय? कुनी शिकवला?

शिवांजली : स्वप्ना आणि अंकितानं. पैज लागलीय वर्गात. म्हणाल्या, हिंमत असेल तर घरी विचार. आणि हिंमत तर माझ्यात लय आहे!

आई : हिंमत ठेव बाजूला आन् शेंगा फोड. निम्म्या तोंडात चालल्यात.

शिवांजली : आई, तुझ्याकडं नंतर येते. हं, पप्पा?

पप्पा : झोपतो की. ढाराढूर.

शिवांजली : मग माझ्या खोलीतल्या घड्याळाचा सेल कुणी काढला?

पप्पा : डाक्टर म्हनला, सारखं घड्याळ बघू देऊ नका पोरीला.

शिवांजली : पण काढलात ऐन पहाटे! मी बघितलं. मीपण डोळे मिटूनच पडले होते.

आई : आवं, सांगा की खरं.

पप्पा : तू तरी कुटं झोपतीस? रातभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर.

शिवांजली : म्हणजे तिघंही जागे! आणि मला सांगता, जायफळाचं दूध पी, मोबाईल लांब ठेव, शंभरपासून उलटं मोज. सगळं केलं. परत डोळा लागतच नाही. चारला फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यानं पळत जातात, त्यांचे बूट ऐकू येतात. मी मोजत बसते. एक जोडी कमी भरते.

आई : शिवा, नगं बाळा...

शिवांजली : बोलू दे ना! सात महिने झाले दादाला जाऊन. साडेतीनला त्याला उठवायचं काम माझं होतं. त्या दिवशी तो म्हणाला, आज राहू दे, पोटरी दुखतीय. मी पांघरूण ओढलं. वर म्हणाले, असला फौजी असतो होय? उठला बिचारा. हसत गेला. त्या उसाच्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू होता. त्याला वाटलं असेल मोटरसायकल येतीय. बाजूला झालाच नाही.

पप्पा : तुझं काय न्हाई त्यात. आदल्या राती मीच बोललो व्हतो. सोळाशे मीटरला सहा सेकंद जादा लागत्यात, म्हनलं, कमी कर, न्हाईतर बूट टाक आन् रानात चल.

शिवांजली : हे कधी सांगितलं नाहीत.

पप्पा : कुनाला सांगू?

आई : मला म्हाईत व्हतं. तुझंबी आन् ह्यांचंबी.

शिवांजली : माझं? कसं?

आई : मी आत त्याच्यासाटनं भिजलेलं हरभरं निथळत व्हते. समदं ऐकलं.

शिवांजली : मग बोलली का नाहीस?

आई : काय बोलू? पोटरी दुखतीय म्हनलेलं मलाबी ऐकू आलं व्हतं. मूठभर हरभरं हातावर ठेवलं आन् म्हनलं, जा, पळलास की मोकळी हुईल.

पप्पा : आजून भिजवतीस तू. सकाळी म्हशीच्या पाटीत दिसत्यात मला.

आई : हात जातोय डब्याकडं. काय करू?

शिवांजली : आई... पप्पा, तुम्हीपण? थांबा, ऐका. माझं ठरलंय. आज रात्रीपासून माझं अंथरूण तुमच्या खोलीत, मधोमध. जाग आली की मी दिवा लावणार. मग तिघांनीही उठून बसायचं. दादाबद्दल बोलायचं, जयराज असं नाव घेऊन. झोप आली तर आली.