सगुणानं पोर मोकळी सोडली नव्हती

काय सांगू तुमाला, हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाय, बायकोलासुद्धा नाय. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचो.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्याचा. घरची भातशेती, सातवी शिकलो, म्हणून नव्वदच्या सुमारास गावचा पोलीस पाटील झालो. शेजारी सगुणा राहायची, नवरा वारलेला, एकच मुलगी, चिमी. आठ वर्षांची झाली तरी बोलायची नाय, हाकेला वळायची नाय, आणि चालत सुटायची ती थेट पाण्याकडं. ओढ्यातून दोनदा मीच काढून आणली, दोनदा. आता नर्सबाई सांगतात, त्याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा आमी म्हणायचो, पोरीला बाहेरचं काहीतरी झालंय.

सगुणा आवणीला, भाताची रोपं लावायला, दुसऱ्यांच्या शेतावर जायची तेव्हा जुन्या लुगड्याची पट्टी चिमीच्या कमरेला बांधून पडवीच्या खांबाला अडकवायची. गाठ पाठीवर, पोरीला सुटू नये अशी. पट्टी मापून केलेली, पोर पडवीत फिरेल पण पायरी उतरणार नाय. बायका टोमणे मारायच्या, काय गो सगुणे, वासरू पाळलंस का? ती म्हणायची, वासरू बरं, हाकेला वळतं तरी.

एका आवणीत तालुक्याचे साहेब पाड्यावर यायचे होते. पोर बांधलेली बघून साहेब पाटलाला काय म्हणतील, याची मला लाज वाटली. दया नव्हती ती, लाजच होती. सगुणा शेतावर. मी गाठ सोडली, पोर घरात घातली, पुढच्या दाराला कडी लावली आणि साहेबांच्या मागं गेलो. मागलं दार नुसतं कुडाचं, ढकललं की उघडणारं, ते ध्यानातच आलं नाय.

दुपारी चिमी ओढ्यात सापडली. गेलेली होती.

हवालदारानं विचारलं, पोर मोकळी कशी? मी सांगितलं, आईचं लक्ष नसतं, सोडून जाते. तसंच लिहिलं गेलं. सगुणा समोर बसलेली. एवढंच म्हणाली, मी बांधली होती, पाटील. मी म्हटलं, दुःखानं डोकं फिरलंय बाईचं. मग सगळा पाडा बोलायला लागला, पोर नकोच होती तिला. वर्षाच्या आत ती भावाकडं वाशिंदला गेली.

दहाएक वर्षांनी एकदा गेलो तिच्याकडं, सांगायचंच म्हणून गेलो. तिनं पाणी दिलं, चहा दिला, पाटलीणबाईंचे गुडघे कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, यंदा भात बरं आहे. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. ती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली, मी काही बोलतो का बघत. मी म्हटलं, येतो.

आता ती नाय, माझी बायकोही नाय. ओटीवर एकटाच असतो आणि जे तिच्या दारात म्हणायचं होतं ते भिंतीला म्हणतो, सगुणा, चूक माझी होती गो, तुझी नव्हती.