खळ्यावरचं शीड

(रेवदंड्याजवळचा कोळीवाडा. १९६५ सालचा भाद्रपद, टळटळीत दुपार. केसर ओट्यावर सुकट निवडते आहे. तिच्या नवऱ्याची, शिवदासची, आत्या नीराबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन पालथ्या टोपलीवर बसली आहे.)

नीराबाई : ...आणि वाटभर तुझ्या नवऱ्याचा हिशेब चाललेला. शीड हाती आलं की आठवड्याला चार फेऱ्यांचं डिझेल वाचणार. नवं कापड घ्यायचं तर दोन महिन्यांची कमाई जाणार, तीही वाचणार. आणि द्यायचं काय, तर टोपलीभर सरंगा. तोही माझ्याच डोक्यावर.

केसर : आत्या, आधी एवढंच सांग. शीड मिळालं की न्हाय?

नीराबाई : चार कोस चालून आलेय. पाणी दे, मग सांगते.

केसर : पाणी तुझ्या हातात हाय.

नीराबाई : व्हय की. तर बघ, चूक पाच वर्षांमागची. होडीला इंजिन बसलं आणि शिवदासला वाटलं, आता वाऱ्याची मिन्नत कशाला. माझा भाऊ धर्मा जाऊन वर्ष झालं नव्हतं. धर्माचं ते शीड यानं दोन मण तांदळावर त्या भातशेतीवाल्या ठमाबाईला देऊन टाकलं, खळ्यावर भात वाळवायला. मी तेव्हाच म्हटलं होतं—

केसर : ते तांदूळ मीच शिजवले, मला ठाऊक हाय. पुढं बोल. आठवड्यातले चार दिवस डिझेलवाचून होडी वाळूवर पडून असते. घरात रेशनची लाल ज्वारी, पोरं भाकरी बघून तोंड फिरवतात. शीड न्हाय आलं तर हे मुंबईला गोदीत जातो म्हणतात. ट्रंक पुसून ठेवलीय त्यांनी.

नीराबाई : म्हणून तर मी सोबत गेले. वीस वर्षं त्या घरी मासळी टाकते, ठमाबाईला ओळखते. त्याला म्हटलं, सरळ माग. तर म्हणतो, आत्या, गरज दाखवली की भाव चढतो. म्हटलं, बरं बाबा, तू शहाणा.

केसर : ती देईल असं वाटलं होतं तुला?

नीराबाई : तिचंही काही बरं चाललेलं न्हाय. भात पिकवणारीच्या घरात कण्यांची पेज. तांदूळ विकून रॉकेल आणि गोडेतेल आणायचं, मग खायला कण्याच उरतात. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला तिनं भगदाड पाडलंय आणि त्यात चिमणी ठेवलीय. एका दिव्यात दोन खोल्या भागवते बाई. असल्या बाईपुढं हा चलाखी करायला बसला.

केसर : काय केलं यांनी?

नीराबाई : लांबून सुरुवात केली. पाऊस कसा, पीक कसं, तिच्या नवऱ्याचा, कोंडाजीचा, गुडघा कसा. मग हळूच म्हणाला, आमचं ते जुनं धडपं पडलंय ना तुमच्याकडं, ते घेऊन जातो, तुमची अडगळ कमी होईल. ती म्हणाली, अडगळ कसली, सुगीला कामाला येतं. तर हा म्हणतो, छे हो, पार कुजलं असणार, उंदरांनी चाळण केली असणार. शीड म्हणून आता ते मेलंच.

केसर : बापाच्या शिडाला असं बोलले?

नीराबाई : भाव पाडत होता ना. ठमाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'बरं झालं सांगितलंस, शिवदास. बारदान केवढ्याला झालंय बघतोयस ना? शीड म्हणून मी ते अख्खं जपत होते. मेलंच असेल तर कापून गोण्या शिवते.' आणि सुनेला हाक मारली, 'रंगू, कातर आण.'

केसर : आणली?

नीराबाई : कातर आली, आढ्यावरून शीडही खाली आलं. केसर, उलगडलं आणि मी बघतच राहिले. एक भोक न्हाय. वाळवी लागू नये म्हणून चुलीच्या धुरावर टांगलेलं. जिथं विरलं होतं तिथं ठिगळ, टाके असे बारीक की आपल्या पुरुषांना जमायचे न्हाईत. कडेच्या दोऱ्यासुद्धा तशाच ठेवलेल्या. खळ्यावर भात वाळवायला कडेच्या दोऱ्या कशाला लागतात, सांग मला. तुझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. तोवर तिनं कातरीत कड धरली होती.

केसर : आणि तू गप्प बसलीस?

नीराबाई : मी पानाला चुना लावत होते. त्याच्या तोंडाचं कुलूप त्यानंच उघडायला पायजे होतं. उघडलं मग. तिचा हात धरून म्हणाला, 'मावशी, थांबा. मी खोटं बोललो. डिझेल परवडत न्हाय, होडी वाळूवर हाय. मला हे शीडच पायजे.'

केसर : मग?

नीराबाई : तिनं कातर रंगूकडं दिली आणि हसत म्हणाली, 'आल्या आल्या हे बोलला असतास तर चहा गरम मिळाला असता.' यानं किंमत विचारली. तेव्हा मात्र ती हसायची थांबली. एका साली उधाणानं त्यांच्या शेताचा बांध फुटला होता, तुझं लग्न व्हायच्या आधी. खाडीचं पाणी आत शिरत होतं. धर्मा याच शिडावर तीन भरत्यांना दगड भरून घेऊन गेला आणि बांधाचं खिंडार बुजवून आला. ती म्हणाली, 'शेत खारं झालं असतं तर आज कण्याही नसत्या. दोन मण तांदूळ देऊन मी हे विकत घेतलं, असं वाटलं होय तुला? तू टाकलंस, मी ठेवून घेतलं.'

केसर : मामंजींनी हे कधी सांगितलं न्हाय.

नीराबाई : घरात आम्हालाही न्हाय. त्या सालच्या माशांपेक्षा दगडच जास्त ओढले असतील त्यानं.

केसर : म्हणजे शीड आलं?

नीराबाई : चार कोस त्यानं डोक्यावरून आणलंय. घरामागं जा, डोलकाठीवरच्या कोंबड्या हुसकावतोय बघ. गोदीचं नावही काढत न्हाय.

केसर : आणि ती भात कशावर वाळवणार?

नीराबाई : म्हणाली, खळं सारवून घेईन, पूर्वी वाळवायचेच की.

केसर : दाण्यात माती जाते. भाव कमी येतो. सुगी किती दिवसांची असते त्यांची?

नीराबाई : वाळवणाचे आठ दिवस धर. का गं?

केसर : ते आठ दिवस शीड तिच्या खळ्यावर जाईल. दरसाल.

नीराबाई : ऐन हंगामात? आणि होडी?

केसर : इंजिनावर जाईल.

नीराबाई : थांब, मला बेरीज करू दे. सरंगा माझा. ठिगळं ठमाबाईची. दगड धर्माचे. तुझ्या नवऱ्याच्या खिशातून एक खरं बोलणं तेवढं गेलं, तेही कातर बघून. मग आठ दिवसांचं डिझेल कोणाच्या नावावर?

केसर : माझ्या. या सुकटीच्या पैशातून. यांना डिझेलचं सांगू नकोस आत्या. त्या दोन मणांतला भात मीही जेवलेय, तेवढं देणं माझंही लागतं.